चाकाला किती पोचलं

रविवारी उद्यमबाग झोपलेली असते,
फौंड्रीच्या भट्ट्या राखेत तोंड घालून.
आमच्या शेडचं शटर मात्र सातलाच वर गेलं.
मालक म्हणाले होते, भरमाण्णा, क्लबची माणसं येणार,
रोलर पुसून ठेव,
आणि तेवढा तो बनियन बदल.

चौदा गाड्या आल्या.
टिळकवाडीचे दातांचे डॉक्टर, कुंकवाच्या करंड्यासारखी गाडी घेऊन.
कोल्हापूरच्या बिल्डरचा पोरगा. मडगावचा साव्हियो.
हुबळीचे शिवानंद पट्टणशेट्टी, ज्यांनी आल्या आल्या
बॉनेट उघडून इंजिनला नमस्कार केला.
केए, एमएच, जीए.
मी साखळ्या आवळल्या.
साखळीला पाटी वाचता येत नाही.

मागची चाकं रोलरच्या खोबणीत, नाकापुढे मोठा पंखा,
मी हात वर करतो
आणि गाडी दोनशेनं पळते, जागच्या जागी.
जागच्या जागी पळायचं आमच्या गावाला नवल नाही,
पण रविवारी तो विषय नको.

वडगावात आमच्या घरी मागाला एक एचपीची मोटर होती.
तिनं पाच माणसांचं घर ओढलं.
दिवसाला दोन साड्या, वीज गेली तर एक.
म्हणून डॉक्टर जेव्हा म्हणाले, "तीनशे आहेत हं हिच्यात,"
मला तीनशे माग ऐकू आले,
आणि दिसल्या तीनशे आया,
तुटलेला दोरा जोडायला वाकलेल्या.

आकडा आला: दोनशे त्रेचाळीस.
पंखाच तेवढा बोलत होता.
"पुस्तकात तीनशे लिहिलंय."
पुस्तकात इंजिनचं लिहितात साहेब, मी म्हटलं,
इथं चाकाला किती पोचलं तेवढंच कळतं.
मधलं गिअर खातं, शाफ्ट खातो, बेअरिंग खातं.
चोरी नव्हे. वाटखर्च.

साव्हियो म्हणाला, तुमचं बेळगाव अडीच हजार फुटांवर,
हवा गार खरी, पण पातळ.
मी हवेचा हिशेब मिळवून दिला. दोनशे एकसष्ट.
"एष्टु बंतरी?" शिवानंद लांबूनच ओरडले.
कुणी कन्नडात सांगितलं, कुणी कोकणीत थोडं वाढवून,
आणि कुंद्याचा पुडा एक फेरी फिरून येईतो
आकडा तीनशेला परत पोचला.

सगळ्यांच्या मागे उर्मिला हलगेकर.
पांढरी कॉन्टेसा, डाव्या दारावर पुट्टीचा ठिपका.
"बाबांची. ते सगळ्यांना सांगायचे,
ऐंशी घोडे हायत, मोजून घ्या.
कुणी मोजले नाहीत."
मग बॉनेटवर हात ठेवून: "हिचा क्रँक इथंच घासलाय.
ब्याण्णव साली."
मीच घासला असेल. नाहीतर परशराम मेस्त्रीनं.
क्रँकवर कुणाची सही नसते.

हात वर केला.
आवाज जड, म्हातारा, पण फाटला नाही.
पत्र्यांचा जुना गंज थोडा खाली झडला.
पडद्यावरची रेघ चढत गेली, चढत गेली,
आणि बावन्नवर वाकली.
ती पडद्याकडे बघत होती, मी प्रिंटरकडे.
आमचा प्रिंटर जुना, आलेख आडवा काढतो,
डावीकडून, एकेक ओळ, कण्हत.

"छापू नका," ती म्हणाली. "ऐंशीच असू देत की."

मी वायर ओढली.
कागद अर्धाच बाहेर आला,
रेघ चढते तिथवरचा.
तो तिनं घडी न घालता मागच्या सीटवर ठेवला,
कुणी बसलं असतं तिथं, तशी जागा करून.

बाहेर डॉक्टरांनी गाडी सुरू केली होती.
आमचे रोलर अजून फिरत होते.
त्यांना थांबायला चार मिनिटं लागतात.
तोवर साखळी सोडायची नसते.